ले-ऑफच्या काळातले वेतन हे कोणाचे देणे?

कारखान्यातले काम काही दिवसांसाठी थांबते, कामगारांची नावे मस्टरवर तशीच राहतात आणि त्यांना सांगितले जाते की काम सुरू झाले की कळवू. कधी वीज किंवा कोळसा मिळत नाही, कधी कच्चा माल वाटेत अडकतो, कधी तयार माल गोदामात पडून असतो, कधी यंत्र बिघडते, कधी पूर येतो. नोकरी गेलेली नसते, पण पगारही सुरू नसतो. ले-ऑफ म्हणून ओळखली जाणारी ही अवस्था कामगार कपातीपेक्षा सौम्य समजली जाते आणि त्यामुळेच तिच्यातल्या वेतनाचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत क्वचितच येतो. आलाच तर मदतीच्या भाषेत येतो, म्हणजे अडचणीतल्या कामगाराला या काळात काहीतरी मिळायला हवे, अशा सुरात. हा सूर मला मान्य नाही. ले-ऑफच्या काळात मालक कामगाराचे श्रम वापरत नसला, तरी तो कामगार आपल्याला पुन्हा लागणार आहे म्हणून त्याला धरून ठेवत असतो. धरून ठेवण्याला किंमत असते आणि ती कामगाराच्या घरखर्चातून वसूल होता कामा नये.

यावर नेहमीचे उत्तर असते, ‘काम नाही, तर दाम नाही.’ हे तत्त्व संपाच्या किंवा विनापरवाना गैरहजेरीच्या प्रसंगी समजण्यासारखे आहे, कारण तिथे काम उपलब्ध असते आणि कामगार ते करत नाही. ले-ऑफमध्ये कामगार तयार असतो आणि काम नसते. भारतीय कायद्यातली व्याख्याच पाहिली, तर मस्टरवर नाव असलेल्या आणि कपात न झालेल्या कामगाराला काम देण्यात मालकाकडून झालेली कसूर, त्याने दिलेला नकार किंवा त्याची असमर्थता म्हणजे ले-ऑफ. या व्याख्येत कामगाराच्या वागणुकीचा उल्लेखही नाही. खोली भाड्याने घेऊन ठेवणारा महिनाभर तिथे राहायला आला नाही, म्हणून त्याचे भाडे माफ होत नाही. कुलूप त्याचेच असते आणि तेवढ्या काळात ती खोली दुसऱ्या कोणाला देता येत नाही. कपात करून मोकळे होण्याऐवजी मालक ले-ऑफचा मार्ग का घेतो, याचे कारणही यातच आहे. हाताखाली तयार झालेला कामगार पुन्हा मिळवायला वेळ लागतो, नव्या माणसाला शिकवेपर्यंत माल खराब होतो, आणि मागणी परतली की पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी चालवता यायला हवी असते. हा सगळा फायदा मालकाचा आहे. त्यात वावगे काही नाही, फक्त तो फुकट असू नये.

न्यायालयांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. इंग्लंडमध्ये १९०६ साली डेव्हनल्ड विरुद्ध रॉसर या खटल्यात पत्र्याच्या कारखान्यातल्या, नगावर मजुरी मिळणाऱ्या कामगाराचा दावा होता. फायदेशीर ऑर्डरी नाहीत म्हणून मालकाने कारखाना थांबवला होता, आणि ऑर्डरी नसताना कारखाना थांबवण्याची धंद्यातली रूढीच आहे, असा त्याचा बचाव होता. अपील न्यायालयाने तो फेटाळला. करार चालू असेपर्यंत वाजवी प्रमाणात काम पुरवण्याचे बंधन मालकावर आहे आणि धंद्यातल्या मंदीची जोखीम त्याचीच आहे, असा त्या निकालाचा आशय होता. १९२६ साली मात्र एका कोळसा खाणीच्या प्रकरणात, मालकाची चूक नसताना खाण धोकादायक झाल्यामुळे ती बंद ठेवावी लागली, तेव्हा त्या काळातली मजुरी नाकारली गेली. या दोन निकालांत जी रेषा ओढली गेली, तिचे तर्कशास्त्र स्पष्ट आहे. ऑर्डरींची वही मालकाच्या हातात असते. किती माल बनवायचा, किती साठवायचा, कच्चा माल कोणाकडून आणि किती आधी घ्यायचा हे तो ठरवतो. कामगाराला त्या वहीत डोकावताही येत नाही. तेजीत जादा नफ्याचा वाटा त्याला आपोआप मिळत नाही, तर मंदीतला तोटा त्याच्या वाट्याला आपोआप का यावा? नैसर्गिक आपत्तीचा प्रश्न याहून अवघड आहे, हे मी मान्य करतो, आणि त्याकडे पुढे येईन.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली फायरस्टोन टायर कंपनीच्या प्रकरणात याच वाटेने जाऊन एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. कामगाराला विनावेतन बसवण्याचा अधिकार मालकाला मुळातून नसतो. तो करारातून, स्थायी आदेशांतून (म्हणजे आस्थापनेच्या लेखी सेवाशर्तींतून) किंवा कायद्यातून यावा लागतो. असा आधार नसेल, तर काम दिले नाही तरी वेतनाची जबाबदारी सुटत नाही. म्हणजे मुळात देणे पूर्ण वेतनाचे आहे, आणि त्यातून मिळणारी सूट हा अपवाद आहे. आपल्याकडे ही गोष्ट अगदी उलटी समजली जाते. कायद्याने दिलेली निम्मी भरपाई ही मालकाने केलेली मेहेरबानी असल्यासारखे बोलले जाते, आणि उरलेले निम्मे कामगाराने सोडून दिले आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

ही निम्मी भरपाई १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात घातली गेली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने तीच चौकट जवळजवळ जशीच्या तशी पुढे चालवली आहे. ज्याची सलग एक वर्षाची सेवा झाली आहे, ज्याचे नाव मस्टरवर आहे आणि जो बदली (म्हणजे दुसऱ्या कामगाराच्या जागी घेतलेला) किंवा नैमित्तिक कामगार नाही, त्याला ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या ५० टक्के रक्कम मिळते. मध्ये येणाऱ्या साप्ताहिक सुट्ट्या त्यातून वगळल्या जातात.

या तरतुदींमधला एक तपशील फार बोलका आहे. कामगार पाळीच्या सुरुवातीला ठरलेल्या वेळी हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम मिळाले नाही, तर त्या दिवशी त्याला ले-ऑफ दिला असे मानले जाते. त्याला पाळीच्या उत्तरार्धात यायला सांगून मग काम दिले, तर अर्ध्या दिवसाचा ले-ऑफ धरतात. आणि तेव्हा येऊनही काम दिले नाही, तर त्या उत्तरार्धाचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता पूर्ण द्यावा लागतो. म्हणजे माणसाला परत बोलावून ताटकळत ठेवण्याची पूर्ण किंमत असते, हे तत्त्व कायद्याने अर्ध्या पाळीपुरते स्वीकारलेले आहे. मात्र पुढच्याच कलमांत, भरपाई हवी असेल तर कामगाराने कामाच्या ठरलेल्या वेळेत दिवसातून निदान एकदा आस्थापनेत हजर झाले पाहिजे, अशी अट आहे. ही अट कागदावर निरुपद्रवी दिसते. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा की सकाळी येऊन मस्टरवर नोंद करायची, आज काम आहे का याची चौकशी करायची, नाही म्हटल्यावर परतायचे, आणि तोवर दिवसाच्या मजुरीवर दुसरीकडे जाण्याची वेळ निघून गेलेली असते. येण्याजाण्याचा खर्च आणि मोडलेला दिवस त्याच्याच खात्यावर पडतो. अर्ध्या पाळीसाठी जो न्याय लावला, तो रोजच्या हजेरीला न लावण्याचे कारण मला सापडत नाही. रोज हजर राहायला लावायचे असेल, तर त्या दिवसाचे वेतन पूर्ण असावे. निम्मेच द्यायचे असेल, तर हजेरीच्या अटीतून कामगाराला मोकळे करावे आणि मधल्या काळात दुसरीकडे चार पैसे मिळवण्याची मुभा द्यावी. मालकाला दोन्ही हवे असते, आणि आजचा कायदा त्याला दोन्ही देतो.

आता ‘निम्मे’ म्हणजे नेमके कशाचे निम्मे, हे पाहू. समजा, एखाद्याला महिन्याला एकूण २०,००० रुपये मिळतात आणि त्यांपैकी मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये आहेत. बाकीची रक्कम घरभाडे भत्ता, उत्पादनावरचा बोनस, पाळी भत्ता अशा शीर्षकांखाली येते. ले-ऑफमध्ये त्याला पूर्ण महिन्याच्या हिशेबाने ६,००० रुपये, म्हणजे एरवीच्या मिळकतीच्या ३० टक्के मिळतील, आणि मधल्या साप्ताहिक सुट्ट्या वजा झाल्या की त्याहूनही कमी. घरभाडे भत्ता बंद झाला म्हणून घरमालक भाडे मागायचे थांबत नाही. १९५३ साली मूळ वेतन आणि महागाई भत्ता हाच पगाराचा मुख्य भाग असेल, तेव्हा हा पाया रास्त होता. भत्त्यांचे तुकडे वाढत गेले तसा तो आपोआप आक्रसत गेला. भरपाईचा टक्का किती असावा यावर वाद घालण्याआधी ती कोणत्या रकमेवर मोजायची हे बदलायला हवे, आणि ती रक्कम गेल्या काही महिन्यांत हाती पडलेल्या नियमित वेतनाची सरासरी असावी. ज्यातून घर चालत होते, त्याच आकड्यावर तूट मोजली पाहिजे.

एवढीही भरपाई ज्यांना मिळू शकते, ते मोजकेच. ले-ऑफ भरपाईचे प्रकरण कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरते आहे; त्यातही हंगामी आस्थापना आणि गेल्या महिन्यात रोज सरासरी ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना वगळलेल्या आहेत. दुकाने, हॉटेले, वाहतूक, कार्यालये या चौकटीत बसत नाहीत. उलट, इथे कायद्याचा एक विचित्र परिणाम होतो. फायरस्टोनच्या निकालाचा न्याय लावला, तर जिथे हे प्रकरण लागू नाही आणि करारात तशी तरतूदही नाही, तिथे मालकाला विनावेतन बसवण्याचा अधिकारच नाही आणि पूर्ण वेतन देय ठरते. म्हणजे कागदावर पाहता वीस माणसांच्या आस्थापनेतला कामगार पाचशेंच्या कारखान्यातल्या कामगारापेक्षा वरचढ ठरतो. प्रत्यक्षात त्या वीसजणांपैकी कोणाच्या हाती नेमणुकीचे पत्र नसते, संघटना नसते आणि दोन आठवड्यांच्या पगारासाठी वर्षानुवर्षे न्यायालयात जाण्याची ऐपत नसते. हक्क आहे, पण तो बजावायचा कसा हे कोणी सांगितलेले नाही, आणि असा हक्क मालकाला घाबरवत नाही.

बदली आणि कंत्राटी कामगारांची गोष्ट याहून वाईट आहे. काम थांबले की पहिल्यांदा कंत्राटदाराला ‘उद्यापासून माणसे पाठवू नका’ असा निरोप जातो. मुख्य कारखान्याच्या मस्टरवर ही नावे नसतात. कंत्राटदार म्हणतो की मलाच काम मिळाले नाही तर मी कुठून देऊ. एकाच यंत्राच्या दोन बाजूंना उभे राहून तेच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला निम्मे मिळते आणि दुसऱ्याला शून्य. बदली कामगाराबाबत कायद्यानेच एक खिडकी उघडी ठेवली आहे, की त्याने त्या आस्थापनेत एक वर्षाची सलग सेवा पूर्ण केली की तो बदली कामगार म्हणून गणला जाणार नाही. कंत्राटी कामगारालाही हाच निकष लावता येईल. वर्षभरात त्या आवारात प्रत्यक्ष किती दिवस काम केले एवढेच पाहावे, आणि भरपाईची अंतिम जबाबदारी ज्याच्या आवारात काम चालते त्याच्यावर टाकावी. वेतन थकवणाऱ्या कंत्राटदाराच्या बाबतीत मुख्य मालकाला जबाबदार धरण्याची पद्धत आपल्याला नवी नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ज्याचा धंदा थांबला आहे, त्याच्याकडे पैसे येणे थांबले आहे. मोठी कंपनी साठलेल्या नफ्यातून काही महिने काढेल, लहान कारखानदार दुसऱ्याच महिन्यात कर्जात जाईल. त्याच्यावर पूर्ण वेतनाचा भार टाकला, तर तो ले-ऑफ देण्याऐवजी कायमची कपात करेल किंवा शटर ओढेल. २०२० सालच्या महासाथीत हे उघड्यावर आले. केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली २९ मार्च २०२० रोजी आदेश काढला की, टाळेबंदीत आस्थापना बंद असल्या तरी मालकांनी कोणतीही कपात न करता वेतन द्यावे. काही मालक न्यायालयात गेले, मे महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला आणि १२ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगारांनी आपसांत वाटाघाटी कराव्यात, तूर्त मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. वाटाघाटी कोणाच्या बाजूने झुकल्या असतील, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. गावी निघून गेलेला कामगार कोणत्या टेबलावर बसणार होता? पण त्या आदेशातला मूळ दोष वेगळा होता. सरकारने स्वतःच सारे काही बंद केले, त्याचा खर्च मात्र संपूर्णपणे मालकांच्या नावावर टाकला आणि स्वतःची तिजोरी बाजूला ठेवली.

त्याच महिन्यांत ब्रिटनने घरी बसवलेल्या कामगारांच्या वेतनाचा ८० टक्के भाग, दरमहा २,५०० पौंडांच्या मर्यादेत, सरकारी पैशातून देणे सुरू केले आणि सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत ही योजना चालली. जर्मनीला नवीन योजना काढावीच लागली नाही, कारण तिथे अल्पकाळ-काम भत्ता आधीपासून होता. कामाचे तास कमी झाल्यामुळे जे निव्वळ वेतन बुडते, त्याच्या ६० टक्के, आणि मूल असेल तर ६७ टक्के रक्कम बेरोजगारी विम्याच्या निधीतून मिळते. हा निधी मालक आणि कामगार दोघांच्या हप्त्यांतून उभा राहतो. एप्रिल २०२० मध्ये सुमारे ६० लाख लोकांना त्याचा आधार होता. मरू घातलेले उद्योग अशा भत्त्यावर जिवंत ठेवले जातात, अशी टीका होते आणि तिच्यात तथ्य आहे, म्हणूनच तिथे मुदतीची मर्यादा असते आणि न केलेल्या तासांवरचे सामाजिक विम्याचे हप्ते साधारणपणे मालकालाच भरावे लागतात. त्याच्या खिशाला थोडी तोशीस राहिली की तो उगाच माणसे बसवत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ सालच्या १६८ क्रमांकाच्या करारातही, नोकरीचे नाते न तुटता काम तात्पुरते थांबल्यामुळे बुडालेल्या मिळकतीला संरक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही.

निधी उभारणे आपल्याला अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही, कारण त्याचा सांगाडा तयार आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के हप्ता भरतो, आणि ती योजना सर्वसाधारणपणे दहा कामगारांपासून लागू होते. २०१८ साली याच योजनेत अटल विमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. तिच्यात बेरोजगार झालेल्या विमाधारकाला ९० दिवसांपर्यंत सरासरी वेतनाचा काही हिस्सा मिळतो, आणि महासाथीत तो २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेला गेला. मात्र हा लाभ नोकरी गेलेल्यासाठी आहे. ले-ऑफमधला कामगार नोकरीत आहे असे मानले जात असल्यामुळे तो या दारात उभा राहू शकत नाही, आणि पगार थांबलेला असल्यामुळे कारखान्याच्या दारातही त्याचे काही चालत नाही. हे दार त्याच्यासाठी उघडले, तर लहान कारखानदाराविषयीच्या आक्षेपाचे उत्तर मिळते. मंदी, साठलेला माल, बिघडलेले यंत्र, फसलेले नियोजन यांमुळे काम थांबले, तर सुरुवातीचे काही आठवडे मालकाने नियमित वेतनाचा मोठा हिस्सा स्वतः द्यावा, त्यापुढचा भार निधीने उचलावा. पूर, भूकंप किंवा सरकारी आदेश यांमुळे काम थांबले असेल, तर पहिल्या दिवसापासून निधी पुढे यावा, कारण तिथे मालकाची निवड नव्हती. कामगाराला मात्र दोन्ही प्रसंगी सारखीच रक्कम मिळावी. नदीला पूर आला की ऑर्डर रद्द झाली, याने त्याच्या घरातले खर्च बदलत नाहीत.

राहता राहिला मुदतीचा प्रश्न, आणि माझ्या मते आपल्या कायद्यातला सर्वांत मोठा अन्याय तिथे आहे. ब्रिटनमध्ये मालकाने द्यायची वैधानिक हमी रक्कम तुटपुंजी आहे, कोणत्याही तीन महिन्यांत फक्त पाच दिवसांची. पण ले-ऑफ सलग चार आठवडे किंवा तेरा आठवड्यांत सहा आठवडे चालला, तर कामगार स्वतः कपातीची भरपाई मागून मोकळा होऊ शकतो. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, काही अपवाद सोडले तर, वीस आठवड्यांत तेरापेक्षा जास्त आठवडे ले-ऑफ चालला की नोकरी संपवली असे कायदाच मानतो आणि त्यासोबतची देणी लागू होतात. आपल्याकडे बारा महिन्यांत ४५ दिवसांचा ले-ऑफ झाला की निवडीचा अधिकार मालकाकडे येतो. कामगाराशी तसा करार असेल, तर त्यापुढच्या दिवसांची भरपाई बंद करता येते. किंवा तो कामगाराची कपात करू शकतो. कामगाराने कंटाळून स्वतःहून नोकरी सोडली, तर तो राजीनामा ठरतो आणि कपातीची भरपाई हातची जाते. भरपाई बंद, नोकरी चालू आणि सोडण्याची सोय नाही, अशा स्थितीत किती काळ काढायचा, याला मर्यादाच नाही. नोकरीला लागताना पुढे केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात असा करारही सही करून घेता येतो, हे वेगळे सांगायला नको.

त्यात भर म्हणून, ४५ दिवसांनंतर मालकाने कपात केली, तर गेल्या बारा महिन्यांत दिलेली ले-ऑफची भरपाई कपातीच्या भरपाईतून वळती करून घेण्याची मुभा त्याला आहे. कपातीची भरपाई पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी असते. तीन वर्षे सेवा झालेल्याला ४५ दिवसांचे वेतन. त्याला आधी ४५ दिवस निम्म्या वेतनावर बसवले असेल आणि मूळ वेतन व महागाई भत्ता हेच त्याचे सगळे वेतन असेल, तर त्या काळात दिलेले साधारण साडेबावीस दिवसांचे वेतन कापले जाऊन त्याच्या हातात उरलेले तेवढेच पडते. कपातीची भरपाई तो झालेल्या सेवेपोटी मिळवतो, आणि ले-ऑफची भरपाई रोज हजेरी लावून वाट पाहिल्याबद्दल. ही दोन वेगळी देणी एकमेकांतून वजा करणारे परंतुक संहितेतून काढून टाकावे, आणि ४५ दिवसांनंतरची निवड कामगारालाही द्यावी. भरपाईसह थांबायचे की कपातीची पूर्ण रक्कम घेऊन दुसरे काम शोधायचे, हे त्यानेही ठरवू शकले पाहिजे. त्यासाठी निधी उभा राहण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण या दुरुस्तीने सरकारी तिजोरीतून एक रुपयाही जाणार नाही.